नवमीची काजळी

बंदुकीची नळी आतून काळी आहे हे माहीत असून तिला हात न लावता बसायचं, ही शिक्षा मला माझ्या सासूबाईंनीसुद्धा कधी दिली नव्हती. आणि शिक्षा देण्यात त्या काही कमी नव्हत्या.

ही दिली परिहार सरांनी. माझ्या लेकाच्या, विक्रांतच्या, वयाचा माणूस, डोक्यावर सदा उलटी टोपी. मुक्ताला, म्हणजे माझ्या नातीला, निशाणेबाजी तेच शिकवतात. उज्जैन शहर संपल्यावर देवास रोडवर क्लबची रेंज आहे. नवरात्राच्या अष्टमीला तिथे मुक्ताची शेवटची प्रॅक्टिस झाली. बंदूक जिथे जाते तिथे मला जावं लागतं, कारण लायसन माझ्या नावावर आहे. भय्यासाहेब, म्हणजे आमचे हे, गेले तेव्हा सगळे म्हणाले, जमा करून टाका, बाईमाणूस बंदूक घेऊन काय करणार. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून साफ मी करते, ते नुसती चालवायचे, तर मालकीण कोण? पोलीस थाण्यातल्या साहेबाने विचारलं, ‘माताजी, चलाना आता है?’ मी म्हटलं, ‘बेटा, चलानेवाले बहुत मिलते हैं, सँभालनेवाला चाहिए.’ त्याने कागदावर शिक्का मारला.

बंदूक बाईस, म्हणजे बावीस बोरची. शिकारीची नाही, निशाण लावायची. कारतूस इतकं बारीक की लहान मुलाच्या हातात दिलं तर ते नाकात घालेल. भय्यासाहेब दर रविवारी ती घेऊन क्लबात जायचे आणि संध्याकाळी माझ्यापुढे आणून ठेवायचे, जसा काही मळका सदराच धुवायला टाकला. मी बोल्ट, म्हणजे नळीमागची सरकती कडी, काढायची, जुन्या धोतराच्या चिंध्या फाडायची, गजाला लावून मागच्या बाजूने नळीत घालायची. काळी चिंधी, मग करडी, मग पांढरी. शेवटची चिंधी तेलाची. मग नळी डोळ्याला लावून खिडकीकडे बघायचं. घासलेल्या तांब्याच्या आत दिसतो तसा चकचकीत गोल दिसला की मगच मी रात्रीच्या स्वयंपाकाला उठायची.

तर अष्टमीला प्रॅक्टिस संपली. मुक्ताने निशाणाच्या कागदावर पाडलेली भोकं बघितली तर सगळी मिळून एकच भोक पडलेलं. मी बंदूक पेटीत ठेवत होते, तेवढ्यात परिहार सर आले आणि म्हणाले, ‘माताजी, आज नाल सेट हो गई है. अब ट्रायल तक इसको साफ मत करना. बिलकुल नहीं.’

मला वाटलं थट्टा करतायत. पण नाही. म्हणाले, ह्या छोट्या गोळीच्या अंगावर मेण असतं, ते जाता जाता नळीत आपला थर सोडतं. थर नीट बसला की प्रत्येक गोळी त्याच वाटेने जाते. नळी साफ केली, तेल लावलं, की पहिल्या गोळ्या मन मानेल तिकडे जाणार. ‘ट्रायल के बाद जितना घिसना है घिसो.’

‘भय्यासाहेबांनी कधी तक्रार केली नाही,’ मी म्हटलं.

‘आपसे कौन करेगा, माताजी,’ असं म्हणून ते हसले.

मुक्ताने माझा हात धरला. ‘आजी, शप्पथ घे.’

‘माझा शब्द पुरे आहे.’

‘तुझा शब्द पुरे आहे, तुझ्या हातांचं मला काही सांगता येत नाही. शप्पथ घे.’

घेतली. घ्यावीच लागली, कारण ट्रायल दसऱ्याला होती आणि ती काही खेळातली ट्रायल नव्हती. त्यात नाव आलं तर पोरगी भोपाळला, अकादमीच्या होस्टेलात. नाही आलं तर तिच्या बापाने ठरवून ठेवलं होतं. विक्रांत घरात फार बोलत नाही, पण बोलला की तलाठ्याने नोंद केल्यासारखा बोलतो. तो म्हणाला होता, ‘ही शेवटची. ह्यावेळी नाही झालं तर बंदूक पेटीत आणि मुक्ता इंदूरला कोचिंगला. मी फी विचारून आलोय.’ क्लबच्या बंदुका मुलांच्यात फिरवून वापरायच्या, त्यांचे स्क्रू ढिले. मुक्ताचा हात बसलाय तो आजोबांच्या बंदुकीवर. म्हणजे पोरीचं सगळं त्या काळ्या नळीवर येऊन बसलं.

घरी मी कोणालाच काही सांगितलं नाही. काय सांगणार? की आयुष्यभर जी बंदूक मी साफ केली तिला हात लावू नका असं मला उलट्या टोपीच्या माणसाने बजावलं? मुक्तालाही म्हटलं, घरात ह्याची चर्चा नको. चर्चा झाली नाही. तिथेच गडबड झाली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले. कोणी दफ्तराच्या फडात लिहायला होता, कोणी कोठीवर धान्य मोजायला. त्यातल्या किती जणांनी खरंच तलवार उपसली हे महाकालालाच माहीत. पण शस्त्रपूजा आमच्या घरात अशी होते की बघणाऱ्याला वाटावं, पानिपतावरून काल आले. माधव नगरातल्या ह्या सीमेंटच्या घरातसुद्धा पाट मांडला जातो. त्यावर एक तलवार, एक कट्यार, माझी शिवणाची कातर, अडकित्ता, विक्रांतचा लॅपटॉप, आणि मधोमध बंदूक. नियम दोन. एक, शस्त्र घासूनपुसून, तेल लावूनच पाटावर जायचं. दुसरा, एकदा हळदीकुंकू वाहिलं की दशमीला सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत ते पाटावरून हलवायचं नाही. सासूबाई म्हणायच्या, मळकं शस्त्र पूजेत ठेवणं म्हणजे देवाला उष्टं ताट वाढणं.

सकाळी मी तलवार चिंचेने घासली. कट्यार घासली. अडकित्त्याच्या खिळीतला चुनासुद्धा सुईने काढला. मग बंदूक आणली. बोल्ट काढून माझ्या कपाटात कुलुपात ठेवला, तो मी पाटावर कधी ठेवत नाही. लाकडी दस्ता पुसला. नळी बाहेरून पुसली. आणि चिंधी हातात घेऊन तशीच बसले.

आत काळं होतं. मी नळी डोळ्याला लावली. खिडकीचा गोल दिसला, पण धुरकट, मोतीबिंदूच्या डोळ्यातून दिसावा तसा. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. खोटं नाही सांगत. गज तिथेच भिंतीला टेकलेला होता.

मी चिंधी कंबरेला खोचली आणि बंदूक तशीच पाटावर ठेवली. हळदीकुंकू वाहताना देवाला म्हटलं, ह्या वर्षी चालवून घे, पुढल्या वर्षी दुप्पट घासीन. मग स्वयंपाकघरात गेले. डबे पुसले. परत आले, नळीकडे बघितलं. बाल्कनीत गेले, परत आले. झेंडूच्या माळा सरळ होत्या त्या वाकड्या केल्या आणि परत सरळ केल्या.

मधुरा, माझी सून, खिचडीसाठी साबुदाणा मोकळा करत होती. तिचे वडील बँकेच्या बदलीवर साताऱ्याहून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. पोरगी कामाला चोख आहे, फक्त माझ्यासमोर बोलताना पदर नसला तरी सावरल्यासारखं करते. ती म्हणाली, ‘आई, काही राहिलंय का पूजेचं?’

‘काही नाही राहिलं.’

‘नाही, तुम्ही सारख्या बंदुकीकडे बघताय.’

‘माझी बंदूक आहे. बघीन.’

‘हात दुखतायत का तुमचे? गेल्या वेळी गज ओढून खांदा धरला होता.’

‘मधुरा, साबुदाणा चिकट होईल. तिकडे बघ.’

आता वाटतं, तेव्हाच एक वाक्य बोलले असते तर काय जीभ झडली असती? पण मला त्या घरात बसवेना. मुक्ता मैत्रिणीकडे गेली होती, विक्रांत गाडी धुवायला. मी म्हटलं, देवास गेटवरून सोनं आणते, आपट्याची पानं. मधुरा म्हणाली, इथे कोपऱ्यावर मिळतात. मी म्हटलं, कोपऱ्यावरची कांचनाची असतात, मला नको शिकवू. आणि ऑटो केली.

देवास गेटला जत्रा लोटली होती. बसमधून उतरलेले यात्रेकरू, झेंडूचे ढीग, रावणाचे कागदी मुखवटे. पानवालीशी मी इतका वेळ भाव केला की ती वैतागून म्हणाली, ‘अम्मा, फोकट में ले जाओ, पर जाओ.’ मी पूर्ण पैसे दिले. भावासाठी कोण भांडत होतं, मला फक्त हात गुंतवायचे होते.

घरी आले आणि दारातच वास आला. शिवणाच्या मशीनच्या तेलाचा.

बंदूक पाटावरच होती. झेंडूचं फूलसुद्धा हललं नव्हतं. पण नळीच्या तोंडाशी एक थेंब चमकत होता, आणि पाटाखाली सांडलेलं पुसलेल्याचा डाग. मी वाकून नळीला डोळा लावला.

चकचकीत गोल. घासलेला तांब्या.

मधुरा मागे उभी होती. चेहऱ्यावर असा आनंद की जसं काही तिने मला काशीयात्रा घडवली. ‘पाटावरून उचलली नाही हं, आई. जरा तिरकी केली फक्त आणि पुढूनच गज घातला. केवढी काजळी निघाली! म्हटलं, तुमचा खांदा दुखत असणार, म्हणून तुम्ही साफ न करता ठेवलीत आणि मनाला लागलंय तुमच्या. तुम्ही सांगायच्या आधीच करून टाकलं.’

मी सांगायच्या आधीच. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ह्या घरात हेच शिकली. मी बोलायच्या आधी दूध खाली उतरव, मी बोलायच्या आधी पडदे धुवायला काढ. एकदा म्हणून कौतुक केलं असेल तर शपथ. आणि आज माझ्या एका शब्दाची खरंच गरज होती, तेव्हा मी आपट्याची पानं निवडत बसले होते.

जे तोंडात आलं ते मी गिळलं नाही, तेवढी साधू मी नाही. ‘तुला कोणी सांगितलं होतं? हात शिवशिवत होते तर भांडी होती ना!’ आणि मग परिहार सर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा चेहरा बघितला आणि मला थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

ती खाली बसली. ‘म्हणजे... उद्या?’

‘म्हणजे उद्या गोळ्या मन मानेल तिकडे.’

‘आई, मी मुक्ताला काय सांगू?’

‘काही सांगायचं नाही. उठ. चक्का टांगलाय त्याचं पाणी बघ.’

तेवढ्यात विक्रांत वर आला, आणि पाठोपाठ मुक्ता. पोरगी बाहेरून आली की आधी पूजेपाशी वाकते, माझी शिस्त आहे. वाकली, आणि तशीच राहिली. नाक फुगवून एकदा वास घेतला. नळीशी बोट लावलं, बोटाकडे बघितलं.

‘हे कोणी केलं?’

मधुराच्या हातात चक्क्याचं पातेलं होतं. तिने तोंड उघडलं.

‘मी,’ मी म्हटलं.

मुक्ता माझ्याकडे वळली.

‘मी केलं. राहवलं नाही. चुकलं माझं.’

विक्रांत मोबाइलमध्ये काही बघत होता, त्याने मान वर केली.

‘तू शप्पथ घेतली होतीस,’ मुक्ता म्हणाली. ओरडली असती तर चाललं असतं. ओरडली नाही.

लोकांना वाटेल मोठं मन दाखवलं. मन वगैरे काही नाही, सरळ हिशोब होता. पोरगी आईवर चिडली तर आई रडणार, आई रडली की पोरगी पाघळणार, आणि उद्या सकाळी तिचा श्वास हलणार. पोटावर निजून निशाण लावायचं असतं, श्वास हलला की संपलं. माझ्यावर ती जन्मल्यापासून चिडत आलीय. माझ्यावर चिडून ती शांत झोपते, सवय आहे तिला.

मुक्ताने परिहार सरांना फोन लावला. ऐकत गेली, हूं हूं करत. मग म्हणाली, ‘तेलाचा थेंब राहायला नको म्हणतायत. कोरडी चिंधी मारायची, अगदी कोरडी निघेपर्यंत. आणि उद्या सुरुवातीच्या नमुन्याच्या, न धरल्या जाणाऱ्या गोळ्यांत नळी जेवढी बसेल तेवढी. बसली तर बसली.’ मग तिने पाटाकडे बघितलं. दुसरा नियम तिलाही पाठ होता. हळदीकुंकू वाहिलं होतं, आणि दशमी उद्या.

विक्रांत म्हणाला, ‘सकाळी उत्तरपूजा झाल्यावर कर.’

‘सकाळी वेळ कुठे आहे, बाबा? उजाडताच निघायचंय.’

मी पुढे झाले. देवाला नमस्कार केला, सासूबाईंच्या फोटोकडे मुद्दाम बघितलं नाही, आणि दोन्ही हातांनी बंदूक पाटावरून उचलली. अक्षता खाली सांडल्या. इतक्या वर्षांत त्या घरात असं कोणी केलं नव्हतं. विक्रांत नुसता ‘आई!’ म्हणाला.

‘काय आई? देव माझा आहे, मी बघून घेईन त्याचं.’

मी धोतराची चिंधी गजाला लावायला घेतली, तर मुक्ताने माझ्या हातातून गज काढून घेतला. ‘तू नको, आजी.’

बस, एवढंच. मी बाजूला झाले. ती मागच्या बाजूने गज घालत होती, एका दमात, न थांबता, मी शिकवलं होतं तसं. चिंध्या फाडून द्यायचं काम मधुराने केलं. मला काहीच काम नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते आणि माझे हात कुठे ठेवायचे हे मला कळत नव्हतं.

दसऱ्याला उजाडता उजाडता आम्ही चौघंही गाडीत. मधुरा म्हणाली, मी घरी थांबते, पुरणपोळीचं बघते. मी म्हटलं, गप बस गाडीत. झेंडू बांधलेले ट्रॅक्टर, माळ घातलेल्या जीपा. सगळं गाव आपापली शस्त्रं नटवून निघालेलं आणि आमचं शस्त्र माझ्या मांडीवर, पेटीत, कोरडं ठणठणीत.

रेंजवर मुलं जमली होती, त्यांचे आईबाप जमले होते. माझे लायसनचे कागद बघून तिथला एक बाबू म्हणाला, ‘शूटर की दादी हो कि शूटर?’ मी म्हटलं, ‘जो समझो. दूर से बात करो.’ परिहार सरांनी मला नमस्कार केला, पण डोळ्याला डोळा दिला नाही. त्यांना मुक्ताने सांगितलंच होतं ना, आजीने केलं म्हणून.

मुक्ता चटईवर पोटावर निजली. दस्ता खांद्यात रोवला, गाल लावला. रेंजवर एक बरं असतं. सुरुवातीला थोडा वेळ देतात, त्यात हव्या तेवढ्या नमुन्याच्या गोळ्या मारा, त्या गुणांत धरत नाहीत. तो वेळ संपला की मग खरं. मुक्ताकडे एकाच जातीची कारतुसं होती, मोजकीच. फार उधळली तर पुढे कमी पडणार.

पहिली गोळी गेली. आवाज तो काय, सुकी काडी मोडल्यासारखा. परिहार सर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. मी त्यांची हनुवटी बघत होते, गोळी जिकडे लागेल तिकडे ती वळायची. हनुवटी डावीकडे सरकली. दुसरी गोळी, हनुवटी वर. तिसरी, सरांनी टोपी सरळ केली. उलटी टोपी त्यांनी सरळ केलेली मी कधी बघितली नव्हती.

मला बसवेना. उठले. बाबू म्हणाला, ‘माताजी, बैठ जाइए.’ बसले. परत उठले. मागच्या निंबाखाली गेले. कोण्या मुलाचा बाप तिथे शेवेची पुडी घेऊन उभा होता. ‘लो माताजी, रतलाम की है.’ मी घेतली. तिखट का फिकी, मला काही कळलं नाही. ‘आपका बच्चा कौनसा?’ त्याने विचारलं.

‘वो, चोटीवाली.’

‘अच्छा मार रही है?’

‘नहीं,’ मी म्हटलं. ‘अभी नहीं.’

मधुरा गाडीपाशी उभी होती, रेंजकडे पाठ करून. दोन्ही हातांनी पर्स धरलेली. मी तिच्याजवळ गेले. पुडीतली शेव तिच्या तळहातावर ओतली. ‘खा. तोंड उघडं ठेवून रडतेस, माशी जाईल.’ तिने खाल्ली.

परत आले तर मुक्ताने बंदूक खाली ठेवली होती. डोळे मिटून पडली होती, कपाळ मनगटावर. वेळ चालला होता. बाकीची मुलं टाक टाक मारत होती आणि ही निजलेली. विक्रांत माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला, ‘सोडलं वाटतं तिने.’ मी त्याच्या पायावर पाय दिला. मग तिने डोळे उघडले, परत गाल लावला, आणि एकामागून एक मारायला लागली. निशाण बघायलासुद्धा थांबत नव्हती. कारतुसाची डबी रिकामी होत चाललेली मला लांबून दिसत होती. ती नळीला काजळी पाजत होती. मी जी आयुष्यभर काढत आले, ती काजळी माझी नात एकेक गोळी खर्चून परत बसवत होती, आणि मी तिथे उभी राहून म्हणत होते, बस बाई, बस एकदाची, काळी हो.

मग ती थांबली. एक गोळी, सावकाश. हनुवटी किंचित उजवीकडे. अजून एक. हनुवटी जागची हलली नाही. अजून एक, हनुवटी जागीच. परिहार सरांनी टोपी उलटी केली.

तेवढ्यात शिटी झाली. खरं सुरू झालं.

त्यानंतरचं मी सांगू शकत नाही, कारण मी बघितलंच नाही. निंबाच्या खोडाला पाठ लावून आकाशाकडे तोंड करून बसले होते. विक्रांतने येऊन सांगितलं की शेवटच्या गोळीनंतर तिच्या डबीत एकही कारतूस उरलं नव्हतं.

दुपारी नावं वाचली. भोपाळला जाणाऱ्यांत मुक्ताचं नाव सगळ्यात शेवटी आलं. शेवटचं का असेना, आलं. मधुरा तिथेच बाबूच्या टेबलासमोर रडली, सगळ्यांसमोर, आणि मी तिला काही बोलले नाही. विक्रांतने दोनदा यादी बघितली आणि मग इंदूरवाल्यांना फोन लावून कोचिंगचं नको म्हणून सांगितलं. नोंद खोडली.

परतताना गाडीत मुक्ता पुढे बसली होती. देवास रोडवर रावणाचे पुतळे उभे करायचं चाललं होतं. ती आरशातून मागे बघत म्हणाली, ‘आई, शिवणाच्या मशीनचं तेल बंदुकीत घालतात का ग?’

मधुराचा हात माझ्या हातावर येऊन आदळला.

‘तुला कोणी सांगितलं?’ मी म्हटलं. ‘मी केलं ते.’

‘आजी, तू जन्मात कधी पुढून गज घातला नाहीस. पुढून घातलेला होता, तोंडाशी पिवळ्या फडक्याचे धागे अडकले होते. आणि ते जाऊ दे. तू म्हणालीस, चुकलं माझं.’ ती मागे वळली. ‘बाबा, आजीने हे कधी म्हटलेलं तुम्ही ऐकलंय?’

विक्रांतने गाडी बाजूला घेतली, कारण त्याला हसताना गाडी चालवता येत नाही. ‘आमचे बाबा गेले, पण हे ऐकायचं राहूनच गेलं त्यांचं,’ तो म्हणाला.

‘मग कालच का नाही बोललीस?’ मी मुक्ताला विचारलं.

‘बोलले असते तर आई रात्रभर रडली असती. मग मी झोपले असते का?’

माझी नात आहे, दुसरं काय.

‘पण शप्पथ मोडली म्हणून रागावलीस ते?’

‘ते खोटं. पण छान जमलं ना? तू कशी दारात उभी होतीस, वर्गाबाहेर काढल्यासारखी.’

‘मेली कार्टी,’ मी म्हटलं. मधुरा रडत होती आणि हसतही होती, आणि मी तिचा हात तसाच राहू दिला.

संध्याकाळी सोनं लुटलं. मुक्ताने पाया पडून माझ्या हातात आपट्याचं पान दिलं, आणि मग सहज म्हणाली, ‘आजी, तिकडे अकादमीची रायफल देतात. नवी. आजोबांची न्यायला नको, परवानगीचा त्रास.’

‘बरं झालं,’ मी म्हटलं. ‘माझं सारखं तिकडे येणं वाचलं.’

ती गेली कपडे आवरायला. मी बंदूक पुढ्यात घेऊन बसले. ट्रायल झाली होती, आता कोणाची मनाई नव्हती. जितना घिसना है घिसो. मधुराने धोतराच्या चिंध्या आणून ठेवल्या, बंदुकीच्या तेलाची बाटली आणली, गज पुसून दिला. आणि ह्यावेळी विचारलं, ‘आई, कोणत्या बाजूने घालतात?’

मी तिला बोल्ट काढून दाखवला. मागून नळीला डोळा लावायला सांगितला. ‘खिडकी दिसतेय?’

‘काळपट दिसतेय.’

‘हां. मागून घालायचा, एका दमात, मध्ये थांबायचं नाही. पुढचं तोंड म्हणजे बंदुकीचे ओठ, तिथे गज घासला की निशाण गेलं. लक्षात ठेव.’

तिने गज नळीच्या मागच्या टोकाशी नेला. माझी बोटं शिवशिवायला लागली.

‘थांब,’ मी म्हटलं. ‘बाहेरून पूस नुसती. आतलं राहू दे.’

‘राहू दे? म्हणजे काजळी?’

‘दिवाळीला येईल ना पोरगी. आल्यावर क्लबात जाईल म्हणेल, जाणारच. तेव्हा परत ती पहिल्यापासून कारतुसं जाळत बसेल का?’

मधुराने माझ्याकडे बघितलं आणि ती दस्ता पुसायला लागली. मी बोल्ट घेऊन कपाटाशी गेले, कुलूप लावलं, परत आले. नळीकडे बघितलं. दिवाळीला अजून किती दिवस आहेत ते बघायला कॅलेंडरपाशी गेले, आणि तिथून परत आले.